सासुरवाडी कुठली?

सिर्गाबद्दल चांगलं बोलायला मला जड जातं, हे आधीच सांगून टाकतो. बिश्केकच्या दक्षिण टोकाला आमची गॅरेजची रांग आहे. तिथं टर्बोच्या गाड्यांचं काम पंधरा वर्षं मी एकटा करायचो. आता लोक माझ्या दारावरून पुढं जातात आणि तिच्या दारात थांबतात.

तिला ही विद्या मीच दिली. शेजारच्या वेल्डरची ती बायको, शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. नवऱ्याचं जेवण घेऊन आली की माझ्या मागं उभी राहायची. एकदा विचारलं तिनं, "बाइके, ठिणगी मागं का घेतलीत?" वयानं मोठा म्हणून सगळी रांग मला बाइकेच म्हणते. मी खुळा, हौसेनं समजावत बसलो. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी नेमक्या क्षणी पाडायची. ती जरा लवकर पडली तर गाडी उसळते, आणखी लवकर पडली की आत टकटक सुरू होते आणि पिस्टन फुटतो. म्हणून ती मागं घ्यायची, म्हणजे जरा उशिरा पाडायची. हे सगळं गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एका तक्त्यात भरलेलं असतं. गाडी पळवत पळवत तो तक्ता बदलत जायचं, एवढंच आमचं काम. दोन वर्षांत तिनं स्वतःचं शटर उघडलं. मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

इंजिनाला तांब्याची नळी बसवायची आणि रबरी नळीनं ती कानाला जोडायची, ही युक्तीही माझीच. फरक एवढाच की मला टकटक ऐकू येते तोवर तिनं ती ऐकून ठिणगी मागंही घेतलेली असते. कारखान्यात चाळीस शिवणयंत्रं चालू असताना कुणाची सुई वाकली ते ती ओळखायची म्हणे. असेल.

आणि तिचा तो प्रश्न. बॉनेट उघडायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारणार, "तुझी सासुरवाडी कुठली?"

"गाड्यांची लग्नं जुळवतेस का गं?" मी एकदा चिडवलं.

"शहरात सगळे चांगलं पेट्रोल भरतात, बाइके. सासुरवाडीला निघाले की गाडी गच्च भरतात, घाटात दाबतात आणि तिथल्या पंपावर मिळेल ते ओततात. आईकडे माणूस सावकाश जातो. सासऱ्याच्या दारात मात्र त्याला धुरळा उडवायचा असतो."

मी हसलो, पण नाकाला मिरच्या झोंबल्या. पंधरा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

सगळ्यांत वाईट म्हणजे बाता, आमच्याकडचा निघतानाचा आशीर्वाद. गाडी तयार झाली की रांगेतला वडीलधारा ओंजळ पुढं करून तिला तो देतो. वडीलधारा मी. म्हणजे सिर्गाची प्रत्येक गाडी माझ्याच तोंडून आशीर्वाद घेऊन जाते. ओठांवर "वाट पांढरी होवो," आणि पोटात जळफळाट. तीन वर्षं हेच चाललंय.

मेमध्ये कुबात नावाचं एक गिऱ्हाईक माझ्याकडे आलं. सहा महिन्यांत माझ्या दारात आलेली ती पहिली टर्बो. तसलीच गाडी, तेच इंजिन सिर्गानं आदल्या आठवड्यात केलं होतं. सिर्गा खायला समसा आणायला गेली होती आणि तिचा कॉम्प्युटर उघडाच होता. मी तक्ता उतरवून घेतला. चोरलाच म्हणा. वय वर्षं छप्पन्न.

कुबातची गाडी अशी पळाली की सगळी रांग बाहेर आली. "काय बाइके, म्हातारपणी नवे कान फुटले का?" सिर्गाचा नवरा म्हणाला. कित्येक वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. सिर्गाही दारात येऊन बघत होती, त्यानं तर आणखीच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुबात बायको, दोन पोरं आणि मागं एक जिवंत मेंढी घेऊन हजर. "बाता द्या बाइके, असेच निघतोय."

"कुठं?"

"सासुरवाडीला. डोलोन घाटापलीकडे."

मी ओंजळ पुढं केली. सगळ्यांनी केली. तेव्हा आठवलं की सिर्गानं तो तक्ता ज्याच्यासाठी केला, त्याची सासुरवाडी दोन गल्ल्या सोडून होती आणि तो सगळ्यांत भारी पेट्रोल भरायचा. कुबात मात्र येताना तिकडचं हलकं पेट्रोल भरणार, गच्च गाडी घाटात दाबणार आणि त्या पेट्रोलाला ही ठिणगी फार लवकर पडणार. पोरं गाडीत असताना घाटात मधेच इंजिन फुटलं असतं. थांबवावं तर रांगेसमोर चोर ठरणार. "वाट..." एवढं म्हणालो आणि पुढचा शब्द येईना. मागची पोरं ओंजळी धरून माझ्याकडे बघत होती.

मी हात खाली घेतले. "सिर्गा, जरा बघ. तक्ता तुझा आहे."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तिनं कॉम्प्युटर जोडला, आकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "मागितला असता तर दिला असता, बाइके. पण या गाडीला तो लागू पडला नसता." मग बायकापोरांना उतरवलं आणि टाकीत हलकं पेट्रोल ओतायला लावलं. मेंढी उतरवायला गेलो तर म्हणाली, "राहू दे, वजन हवंय. तुम्हीही मागं बसा."

कुबात गाडी चालवत होता, ती नळी कानाला लावून शेजारी, मी मेंढीशेजारी. डोंगराच्या रस्त्यावर प्रत्येक चढाला ती मान हलवायची आणि ठिणगी थोडी मागं घ्यायची, पेट्रोल थोडं वाढवायची. मला एकदाही टकटक ऐकू आली नाही.

"मंद झाली की," कुबात कुरकुरला.

"पोचशील आणि परतही येशील," ती म्हणाली.

रांगेत परतल्यावर मी बाता दिली, पूर्ण. तो पोचला आणि परतही आला.

पुढच्या आठवड्यात एक जण चक्क माझ्या दारात थांबला. मी बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, "तुझी सासुरवाडी कुठली?"

तो हसला. "काम सिर्गाताईकडे शिकलात वाटतं, बाइके?"

पोटात पुन्हा तसंच जळलं. "हो," मी म्हणालो. "बोल, कुठली?"