तारीखताईची साक्षीदार

आमच्या धाकटीला कोर्टाच्या इमारतीत सगळे तारीखताई म्हणतात. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती दुसऱ्या मजल्यावर सरकारी वकिलांच्या कचेरीत मदतनीस आहे, आणि मी तळमजल्यावर कॅन्टीन चालवते. एकाच घरातून दोघी निघतो, एकाच फाटकातून आत शिरतो, मग ती वर जाते आणि मी खाली राहते. ह्यावरून मला चिडवायचा हक्क फक्त तिला आहे. दुसऱ्या कुणी चिडवून बघावं, चहात मीठ घालीन.

तुझं काम काय गं, असं कुणी विचारलं की ती म्हणते, "कागद लावते." काहीतरीच! कागद ती लावतेच. फायलींना पानांचे नंबर घालते, टॅग ओवते, अडकलेल्या झेरॉक्स मशीनच्या पोटात हात घालून चुरगळलेलं पान ओढून काढते. पण अर्धा दिवस ती फोनवर असते. साक्षीदारांना तारखा कळवते. नुसती तारीख नाही हो! "उद्या अकराला, तीन नंबर कोर्ट. फाटकातून आत आलात की डावीकडचा जिना घ्या. काहीतरी खाऊन या. औषध असेल तर बरोबर आणा. बाथरूम मागच्या बाजूला आहे." समोरच्या माणसाची निम्मी भीती तिथेच जाते. नोटीस हातात पडली की लोकांना वाटतं आपणच गुन्हेगार. धाकटी त्यांना पुन्हा माणसांत आणते.

घरी मात्र विचारू नका. साखरेच्या डब्याला झाकण लावायचं तिला लग्नापासून जमलेलं नाही. मुंग्यांनी आमच्याकडे संसार थाटलाय. सासूबाई म्हणतात, "कचेरीत एवढी टापटीप, मग घरी काय झालं?" ती हसते आणि पुन्हा झाकण उघडंच ठेवते. मी रोज ओरडते. तिच्या एका कानातून शिरतं, दुसऱ्या कानातून निघून जातं.

तर आता त्या लिफ्टच्या खटल्याचं सांगते.

एका मोठ्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली आदळली. आत कुरिअर घेऊन आलेली एक तरणीताठी पोरगी होती. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा गेला. मालकाचं म्हणणं, मला काय माहीत, लिफ्टवाल्यानं मला कधी काही सांगितलंच नाही. लिफ्टवाला तर गाव सोडून पसार. राहता राहिली इस्त्रीवाली. त्याच इमारतीत जिन्याखाली तिचं टेबल. दोर झिजलाय, लिफ्ट बंद ठेवू या, असं लिफ्टवाल्यानं मालकाला सांगितलं, ते तिच्या टेबलासमोरच. आणि मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत तशीच चालव. पोलिसांना तिनं हा जबाब दिला होता. पोलीस तिच्या टेबलाशी उभे राहून लिहून घेत होते आणि ही शर्टांवर इस्त्री फिरवत होती.

पण पोलिसांना दिलेला जबाब कोर्टात पुरत नाही. तिथे पिंजऱ्यात उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं. पहिल्या तारखेला इस्त्रीवाली आली, पिंजऱ्यात चढली, आणि तिची दातखीळच बसली. सरकारी वकीलसाहेबांनी विचारलं, न्यायाधीशबाईंनी पाणी दिलं, समजावलं. शब्द नाही. दोन्ही हात खाली सोडलेले, डोळे समोर. शेवटी न्यायाधीशबाई म्हणाल्या, "पुढची तारीख देते. पण ही शेवटची संधी." मालक त्या दिवशी माझ्याकडे चहा प्यायला आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी मजा होती ना, ती बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला थंड चहा दिला. तोही त्यानं हसतहसत प्यायला, मेल्यानं.

वकीलसाहेब चांगला माणूस, पण डोक्यावर फायलींचा डोंगर. ते धाकटीला म्हणाले, "ही पुन्हा गप्प राहिली तर संपलं सगळं. मालक सुटला म्हणून समजा. त्या पोरीला काय सांगू मी?" आणि त्या दिवसापासून धाकटीचं जेवणात लक्ष लागेना. पाय गेलेली ती पोरगी मधूनमधून कचेरीत येऊन बसायची. तिच्यासाठी धाकटीनं पंख्याखालची खुर्ची राखून ठेवली होती.

तारखेच्या आदल्या दिवशी धाकटीनं इस्त्रीवालीला बोलावून घेतलं. घाबरलेल्या साक्षीदारांसाठी ही तिची नेहमीची रीत. मधल्या सुट्टीत कोर्ट रिकामं असतं. शिपायाला सांगून ती त्यांना आत नेते, इथे तुम्ही उभ्या राहणार, तिथे बाई बसणार, हा दरवाजा, असं सगळं दाखवते. पिंजऱ्यात उभं करून नुसतं नाव सांगायला लावते. मोठ्यानं, दोनदा. खटल्याबद्दल मात्र चकार शब्द बोलू देत नाही. "ते मला नाही, कोर्टाला सांगायचं." ह्या बाबतीत ती फार कडक आहे.

इस्त्रीवाली त्या रिकाम्या कोर्टात उभी राहिली आणि तिला स्वतःचं नावसुद्धा सांगता येईना. समोर फक्त खुर्च्या होत्या, तरी. धाकटीनं हात टेकले. तिला घेऊन खाली माझ्याकडे आली आणि म्हणाली, "जाऊबाई, चहा द्या आम्हाला."

मी आधीच वैतागलेली. दोरीवरून काढलेले टेबलक्लॉथ ढीग होऊन पडले होते, गिऱ्हाईक येत होतं, आणि ह्या दोघी तोंडं पाडून बसलेल्या. मी म्हटलं, "चहा देते, पण फुकट बसायचं नाही. हे घड्या करून टाका." दोघींच्या पुढ्यात ढीग लोटला.

इस्त्रीवालीनं एक टेबलक्लॉथ उचलला. टोकाला टोक जुळवलं, झटकला, मांडीवर घेतला आणि हातानं सुरकुती काढत म्हणाली, "कापड चांगलं आहे. पण वाळत घालताना उन्हात उलटं घालत जा, नाहीतर रंग जातो."

मी आणि धाकटी एकमेकींकडे बघतच राहिलो.

मग तिची गाडी जी सुटली! मुलीच्या सासरचं सांगितलं, नवऱ्याच्या घोरण्याचं सांगितलं, कुठल्या मजल्यावरच्या साहेबाच्या शर्टाच्या कॉलरला काय लागलेलं असतं तेही सांगितलं. मी पोट धरून हसले. हात चालू आणि तोंड चालू. नजर कापडावरून एकदाही वर नाही. घडीवर घडी पडत होती. मग बोलता बोलता ती म्हणाली, "आणि त्या दिवशी लिफ्टवाला आला ना—"

"थांबा!" धाकटी एकदम म्हणाली. "ते उद्या. इथे नाही."

इस्त्रीवालीनं पुढचा टेबलक्लॉथ उचलला. पण धाकटीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं हिला काहीतरी झालं. तिनं माझा एक टेबलक्लॉथ उचलला, काखोटीला मारला आणि तडक वर पळाली. मी मागून ओरडले, "अगं, माझा आहे तो!"

पुढचं मला तिनंच सांगितलं. वकीलसाहेबांना ती म्हणाली, "साहेब, ती बाई आयुष्यभर हातात कापड घेऊन बोलत आली आहे. मोकळ्या हातानं तिला बोलताच येत नाही. पिंजऱ्यात तिच्या हातात हा देऊ द्या." साहेबांनी चष्मा काढला. "टेबलक्लॉथ? कोर्टात? हसं होईल माझं, ताई." धाकटी म्हणाली, "होऊ दे की साहेब. साक्ष तर होईल."

साहेबांनी चष्मा पुसून परत लावला आणि म्हणाले, "बरं. विचारून बघू." त्या माणसाच्या चहात मी तेव्हापासून साखर जास्त घालते.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीन मी थोरल्यांवर, म्हणजे आमच्या ह्यांच्यावर सोपवलं आणि तीन नंबर कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. जीव नुसता टांगणीला लागला होता. पुढच्या बाकावर कुबड्या बाजूला ठेवून ती पोरगी बसली होती. धाकटी कडेला उभी, छातीशी फाईल धरून. मालक पाय पसरून बसला होता.

वकीलसाहेबांनी परवानगी मागितली. मालकाचा वकील ताडकन उठला. "हे कोर्ट आहे, लॉन्ड्री नाही!" लोक हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आणा इकडे." त्यांनी माझा टेबलक्लॉथ उघडला, उजेडात धरला, उलटा करून बघितला. आत काही लिहिलेलं आहे का ते बघत होत्या. "हा डाग कसला?"

"चहाचा असावा," वकीलसाहेब म्हणाले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. किती घासला होता तो डाग!

बाई मालकाच्या वकिलाला म्हणाल्या, "साक्षीदाराच्या हातात कापड असू नये, असा नियम असेल तर दाखवा." त्यानं समोरचं जाड पुस्तक दोनदा चाळलं. "नाही ना? मग द्या त्यांना."

इस्त्रीवालीनं तो हातात घेतला. टोकाला टोक जुळवलं. शपथ घेतली. नाव सांगितलं, खणखणीत. आणि मग मान खाली घालून, घडी घालत, सगळं सांगितलं. लिफ्टवाला कुठे उभा होता, मालक कुठल्या हातात किल्ल्या खेळवत होता, कोण काय म्हणालं. घडी पुरी झाली की पुन्हा उलगडायची, पुन्हा घालायची. टायपिस्टची बोटं मागे पडत होती. समोरच्या बाकावरची पोरगी हमसून हमसून रडत होती आणि माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू.

मग उलटतपासणी. मालकाचा वकील गोड आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही तेव्हा इस्त्री करत होतात. तुमचं सगळं लक्ष इस्त्रीत. नाहीतर कपडा जळेल, हो ना?"

"हो."

"मग त्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू कसं आलं?"

इस्त्रीवालीचे हात क्षणभर थांबले. धाकटीनं फाईल इतकी घट्ट धरली की पुठ्ठा वाकला.

"साहेब," ती म्हणाली, "डोळे कपड्यावर लागतात. कान मोकळेच असतात."

सगळं कोर्ट हसलं, आणि ह्या वेळी न्यायाधीशबाईसुद्धा. वकील खाली बसला. बाई म्हणाल्या, "झालं. तुम्ही जाऊ शकता."

ती जाईना. टेबलक्लॉथची घडी कठड्यावर ठेवली, हात मोकळे केले, मान वर केली आणि पहिल्यांदाच मालकाकडे सरळ बघितलं.

"अजून एक राहिलंय. पोलीस माझा जबाब घेऊन गेल्यावर हे मालक माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, तू काही ऐकलेलं नाहीस, ऐकलं असशील तर उद्यापासून जिन्याखाली तुझं टेबल नसेल. म्हणून मागच्या वेळी माझं तोंड उघडलं नाही. हेही लिहून घ्या, बाई."

मालकानं पसरलेले पाय आत ओढले. न्यायाधीशबाईंनी पुन्हा पेन उचललं. धाकटीनं माझ्याकडे मान वळवली आणि ती रडत होती की हसत होती ते देवच जाणे. ही गोष्ट तिलाही माहीत नव्हती.

निकाल लागायला वेळ लागला, कोर्टाचं काम तसंच असतं. पण लागला. मालक दोषी ठरला, आणि त्या पोरीला भरपाईही मिळाली. निकालाच्या दिवशी ती पोरगी, इस्त्रीवाली आणि धाकटी तिघी मिळून कॅन्टीनमध्ये आल्या. पोरीनं कुबड्या टेबलाला टेकवल्या, धाकटीच्या गळ्यात पडली आणि सोडीचना. मला राहवेना. मी मोठ्या पातेल्यावर डाव वाजवला आणि सगळ्या कॅन्टीनला ऐकू जाईल असं ओरडले, "ही माझी धाकटी जाऊ! ही साक्ष हिनं उभी केली! बघून घ्या!"

वकील, पक्षकार, शिपाई, सगळे टाळ्या वाजवायला लागले. धाकटी लाजून लालेलाल झाली.

"जाऊबाई, हळू! वर कोर्ट चालू आहे."

"मग त्यांनाही कळू दे!" म्हटलं, आणि डाव आणखी जोरात वाजवला.