पेन ड्राइव्हचा नवस

हा किस्सा सांगताना दर वेळी मला धाकधूक होते. यातलं किती मला खरंच आठवतंय आणि किती मी सांगता सांगता पदरचं घातलंय, कोण जाणे! हे सगळं दिवाळीच्या आधी झालं की नंतर, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. माती मीच खाल्ली, यावर मात वाद नाही.

मी वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. राहायला महाडला, मूळ गाव पोलादपूरच्या वर डोंगरात. तिथल्या गवतांवर मी पुस्तक लिहीत होतो. हो, गवतांवर! आंबेनळी घाटात गाडी थांबवून गवत उपटणारा म्हातारा तुम्ही पाहिला असेल, तर तो मीच. सगळं लिखाण एका संगणकात. आणि मला धास्ती बसली, हे कुणी चोरलं तर?

"अहो, गुरं सोडून कुणाला हवंय ते?" आमची कुसुम म्हणाली.

पण मी हट्टाला पेटलो. संगणकाला एन्क्रिप्शन लावायचंच! म्हणजे आतला सगळा मजकूर असा कुलूपबंद की परवलीच्या शब्दाशिवाय ब्रह्मदेवालाही वाचता येऊ नये. ते लावणारा प्रोग्राम आधीच बजावतो की एक बचावाचा पेन ड्राइव्ह करून ठेवा. उद्या संगणक सुरूच होईना, तर हा खोचायचा आणि ह्याच्यावरून तो सुरू करायचा. ह्या संगणकाला हाच चालणार, दुसरा नाही, आणि संगणक बंद पडल्यावर नवा करता येत नाही.

मी तो केला. खोचून तपासला. काढून पुन्हा तपासला. मग पुढची काळजी, ठेवायचा कुठे?

आता माझी शास्त्रीय विचारपद्धती बघा हं. कोकणातली दमट हवा, म्हणून पेन ड्राइव्ह कोरड्या तांदळात ठेवला. तांदूळ ओल शोषून घेतात. तांदूळ सांडू नयेत म्हणून फडक्यात बांधले. हाताला लागलं ते फडकं लाल होतं. आणि महाडात सावित्रीचं पाणी चढायला लागलं की घरातलं सगळ्यात आधी काय माळ्यावर जातं? देव्हारा! म्हणून ती पुरचुंडी मी देव्हाऱ्यात देवामागे ठेवली. एकेक पायरी तपासा, कुठे चूक सापडते का सांगा!

काही महिन्यांनी एका सकाळी संगणक काळाठिक्कर पडला. वर इंग्रजीत एक पांढरी ओळ, आणि खेळ खलास. पण आयुष्यात प्रथमच मी घाबरलो नाही. उपाय तयार होता ना! रुबाबात देव्हाऱ्याशी गेलो. पुरचुंडी नाही.

"कुसुम, इथली लाल पुरचुंडी कुठंय?"

"पोचली हो, देवीकडे पोचली." तिचे डोळे भरून आले होते. "जन्मात कधी देवापुढे हात जोडले नाहीत तुम्ही, आणि माझ्या गुडघ्यासाठी लाल फडक्यात तांदूळ बांधून गुपचूप नवस बोललात! नवस असा घरात ठेवायचा नसतो. परवा गावची जीप आली होती ना, तिच्याबरोबर देवळात पाठवला."

"उघडलीस का ती?"

"इश्श! नवस कुणी उघडतं का?"

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला, आणि व्यायामाचं नाव काढलं की तिला हमखास झोप यायची. आता सांगा, त्या भरल्या डोळ्यांसमोर मी काय म्हणायला हवं होतं? 'अगं, तो नवस नाही, तो संगणक सुरू करायचा पेन ड्राइव्ह आहे'? आयुष्यभर वर्गात बडबड केली, पण तिथे नुसती मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी एसटीने गाव गाठलं. टेकडीवर देवीचं देऊळ, चढायला उभ्या पायऱ्या. सभामंडपाच्या तुळईला नवसाच्या पुरचुंड्या टांगलेल्या. पुजारी रामभाऊ गुरव समया घासत बसले होते, शेजारी गावातल्या भागीकाकू वाती वळत होत्या.

"रामभाऊ, ती आमची पुरचुंडी जरा खाली काढता?"

"कंची? वैनींच्या गुडघ्याची?"

म्हणजे गावभर झालं होतं!

"हो... तीच."

"गुडघा बरा झाला?"

"होतोय की."

"होतोय नाय चालत सर, झाला पायजे. वैनी सोताच्या पायानं पायऱ्या चढून आल्या, का मी देवीला गाराणं घालनार, नवस फळला म्हनून. मंग पुरचुंडी खाली. त्याच्या आदी हात लावायचा नाय."

"समजा," मी चाचरत म्हणालो, "नवस मागेच घेतला तर?"

भागीकाकूंच्या हातातली वात थांबली. "मागं? मंजे वैनींचा गुडघा तसाच रावूदे म्हनता? ऐकलास काय रे रामा! ह्ये शिकल्याली मानसं!"

"तसं नाही हो काकू!"

"मंग कसं हाय?"

कसं आहे ते सांगण्याऐवजी मी पायात चपला सरकवल्या. परतीची एसटी महाडला पोचायच्या आत काकूंचा फोन घरी पोचला होता.

"नवस मागे घ्यायला गेला होतात म्हणे?" कुसुमने दारातच विचारलं.

"छे, छे! लवकर फळावा म्हणून काय करायचं, ते विचारायला गेलो होतो."

झालं! आता मार्ग एकच उरला. पुस्तक हवं तर पेन ड्राइव्ह हवा, पेन ड्राइव्ह हवा तर पुरचुंडी खाली यायला हवी, आणि पुरचुंडी खाली यायची तर कुसुमचा गुडघा बरा व्हायला हवा. मी कंबर कसली.

सकाळी उठलो की तिला चवदार तळ्याला फेरी मारायला न्यायचं. घरी आलं की तिच्या पावलावर मुगाची पिशवी ठेवून पाय उचलायला लावायचा. किती वेळ धरायचा? मी गवतांची शास्त्रीय नावं म्हणायचो. नाव संपेपर्यंत पाय खाली नाही.

"हेऽटेऽरोऽपोऽगॉन कॉन्टॉऽर्टस..."

"अहो, हे गवत फार लांब आहे हो!"

"बरं, पुढचं आखूड घेतो. थिमेडा!"

ती रुसू नये म्हणून मीही शेजारी सतरंजीवर पडून पाय उचलायचो. तळ्यावरचे लोक म्हणायचे, "सर, बायकोची सेवा करावी तर अशी!" मी शरमेने तळ्यात बघायचो. त्यात छापखान्यातून फोन यायचे, "सर, गवत कधी पाठवताय?" मी म्हणायचो, "गुडघ्याशी अडलंय." ते बिचारे 'जपा हं' म्हणून फोन ठेवायचे. त्यांना वाटलं असावं, माझाच गुडघा.

शेवटी एकदाची ती तयार झाली. गावात गेलो, ती पायऱ्या चढू लागली. अर्ध्यावर बसली.

"राहू द्या हो. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! मी तिचा हात धरला आणि तिथेच, भर पायऱ्यांवर, मोठ्याने गवतं म्हणायला सुरुवात केली. आधी ती हसली. मग वैतागून म्हणाली, "बस करा, चढते!" आणि चढली की हो!

रामभाऊंनी गाऱ्हाणं घातलं. काठीने पुरचुंडी खाली काढली. मी झेपावलो, तर म्हणाले, "थांबा सर. तांदूळ आदी देवीच्या पायाशी, मंग सगळ्यांना परसाद." हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! त्यांनी गाठ सोडली, तांदूळ ताम्हणात ओतले, आणि टण्णकन पेन ड्राइव्ह वाजला.

सगळे बघताहेत. कुसुम बघतेय.

"ह्ये काय?" भागीकाकू.

"ते..." मी म्हणालो, "त्यात हिच्या गुडघ्याचे एक्सरे आहेत."

मग काकूंनी कपाळाला हात लावला. "बाय बाय बाय! देवीला एक्सरे बी दाखवला! ह्याला म्हनतात शिकल्याला मानूस!"

कुसुमने पेन ड्राइव्ह पुसून माझ्या हातात ठेवला. घरी येऊन मी पेन ड्राइव्ह खोचला, ती मागे उभी राहिली. संगणक घरघरला, परवलीचा शब्द मागितला, आणि सुरू झाला! माझी गवतं जशीच्या तशी!

"काय हो," ती मागून म्हणाली, "दिसला का माझा गुडघा?"

पुस्तक निघालं. कुसुम आता घाटात माझ्यापुढे चढते आणि वरून विचारते, "येताय ना?"

आणि मग बऱ्याच वर्षांनी तो संगणक कायमचा मिटला. मी त्याची डिस्क काढून नव्या संगणकाला जोडली आणि परवलीचा शब्द टाकायला बोटं सरसावून बसलो. त्याने काही विचारलंच नाही. गवतं थेट समोर! मी चष्मा पुसून सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. शंकाच उरली नाही. पेन ड्राइव्ह झाल्यावर प्रोग्रामने विचारलं असणार, 'आता कुलूप लावू, की नंतर?' आणि मी, काळजीपोटी, 'नंतर' दाबलेलं. रोज शब्द विचारणारा पहारेकरी तेवढा दारात बसला होता, कुलूप कधी लागलंच नव्हतं. संगणक बिघडला त्याच सकाळी ती डिस्क शेजाऱ्याच्या संगणकाला जोडली असती, तर चहा निवायच्या आत पुस्तक हातात होतं.

थोडक्यात काय, बायकोचा गुडघा मी विनाकारण बरा केला.