अर्धा कप चहा आणि सात शहरं

आमच्या ह्यांची सारी नोकरी रोह्याच्या एका कंपनीत टँकर आणि ट्रक वेळेवर बाहेर काढण्यात गेली. कुठली गाडी कुठून वळवायची, डिझेल कुठे भरायचं, वडखळ नाक्यावर किती वेळ वाया जाणार, हे सांगण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मग निवृत्त झाले, आणि घरात गाडी एकच, तीही अंगणात उभी. पाठवायला कोणी उरलं नाही म्हणून मला पाठवायला लागले. मी दळण आणायला निघाले तरी आधी गिरणी की आधी भाजीवाली, यावर खल. त्यामुळे एका संध्याकाळी ह्यांनी जाहीर केलं की आपण युरोपला जायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि मीच चालवणार, तेव्हा मी आढेवेढे न घेता हो म्हटलं. निदान काही महिने माणूस कामाला लागेल, एवढाच माझा स्वार्थ.

आमच्याबरोबर वन्सं येणार होत्या, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. त्या पेणजवळ हमरापूरला राहतात. घरचा गणपतींचा कारखाना आहे आणि यजमान गेल्यापासून तो त्याच बघतात. मुलगा एकुलता एक. आधी इथे जवळच डोलवीच्या स्टील प्लँटमध्ये होता, पुढे जर्मनीत नोकरी लागली, कोलोनजवळच्या एका गावात स्थिरावला आणि तिथलीच मुलगी केली. त्यांची लेक आता तीन वर्षांची झाली होती. वन्संनी तिला बघितलं होतं ते फोनवरच. ती पोर फोनसमोर यायची, आपला एक बूट दाखवायची आणि पळून जायची. वन्संना रविवारचा तेवढाच नातीचा लाभ.

युरोपचं नाव काढल्यावर वन्संनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मला तिला एकदा मांडीवर घेऊन बसायचं हाय गो. बाकी तुमचं काय बघायचं ते तुम्ही बघा." हे ह्यांनीही ऐकलं होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. जायचं ठरलं होळीनंतर, कारण एकदा मूर्तींच्या रंगकामाचा जोर सुरू झाला की वन्सं स्वतःच्या घराबाहेरही पडत नाहीत.

ह्यांचा पहिला बेत खरंच छान होता. सहा दिवस हातात. अॅमस्टरडॅमला उतरायचं, ब्रसेल्स आणि पॅरिस बघायचं, आणि उरलेले दोन दिवस भाच्याकडे निवांत राहायचं. पेणच्या आरटीओतून परदेशात गाडी चालवायचा परवाना आला. तिकडे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं म्हणून हे रोज सकाळी अंगणातल्या गाडीत डाव्या सीटवर बसून हवेत हात फिरवायचे. रोह्याजवळच्या आमच्या वरसे गावातली सकाळी फिरायला जाणारी मंडळी फाटकाशी थांबून बघायची आणि मला विचारायची, साहेबांची तब्येत बरी आहे ना.

अशा चौकशांतूनच बातमी गावभर झाली आणि तिथून सगळा घोळ झाला.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. गणपतीत आम्ही एका दिवसात सगळे नातेवाईक उरकतो. सकाळी वरशाहून निघायचं, कोलाडचे काका, नागोठण्याची मावशी, वडखळचे दोन चुलत दीर, पेणमधली घरं, आणि शेवटी हमरापूरला वन्सं. प्रत्येक घरी गणपतीला हात जोडायचे, पानसुपारी ठेवायची, मोदकाचा तुकडा मोडायचा, अर्धा कप चहा घ्यायचा आणि उठायचं. "निघतो, अजून नागोठणं व्हायचंय," एवढं म्हटलं की घरचे लोक समजतात. किती वेळ बसलात याचा राग कोणी धरत नाही. आला नाहीत याचा मात्र पुढच्या गणपतीपर्यंत धरतात. ह्यांना या फेरीचा फार अभिमान. एक घर चुकत नाही आणि दिवेलागणीला परत अंगणात, असं दरवर्षी चार लोकांना ऐकवतात.

तर युरोपची बातमी पसरली आणि लोक येऊ लागले. शेजारच्या वहिनींची लेक आइंडहोवनला असते, तिच्याकडे दोन मिनिटं डोकावून या. औषधाच्या दुकानवाल्यांचा पुतण्या अँटवर्पला आहे, त्याला तेवढे कडवे वाल द्या. ह्यांच्या कंपनीतल्या एका मित्राचा मुलगा लक्झेंबर्गला असल्याचं निघालं. माझ्या मावसबहिणीची मुलगी पॅरिसला, ती मीच सांगितली, कारण सगळ्यांच्या लेकी घ्यायच्या आणि माझ्या माहेरची सोडायची हे मला पटेना. कोणालाच नाही म्हणायची ह्यांची हिंमत नव्हती. शिवाय मनातून आवडतही होतं. एवढी घरं लागणार म्हणजे पुन्हा काहीतरी आखायला मिळणार. पॅरिसच्या मनोऱ्याबद्दल मी विचारलं तर म्हणाले, तो जाता जाता दिसतोच.

हॉलच्या फरशीवर वालांचा युरोप तयार झाला. एकेक वाल म्हणजे एकेक घर. मधले रस्ते खडूने ओढलेले, आणि केर काढताना मी त्यातून वळसे घालून केरसुणी फिरवायची. तिकडचा रस्ता कसा लोण्यासारखा, शंभर किलोमीटर तासाभरात कापता येतात, इथे तेवढ्यात आपण नागोठण्याच्या पुढे सरकत नाही, असं हे मला रोज सांगायचे. वाचलेल्या त्या वेळात मग आणखी एक वाल बसायचा. होता होता सहा दिवसांत सात शहरं झाली. आणि भाच्याच्या घरचे दोन दिवस कमी होत एक दिवस झाला, मग एक दुपार, मग जेवण, आणि शेवटी परतीच्या वाटेवर, विमान गाठायच्या आधी, अर्धा तास.

मला हे दिसत होतं आणि रागही येत होता. मी एकदा बोलून पाहिलं. ह्यांचं म्हणणं, ताईचं घर वगळलंय का? शेवटी तिथे जातोच आहोत ना? भाच्याला फोन करून वेळसुद्धा कळवली आहे आणि तोही बरं म्हणाला. ह्यांच्या लेखी घर चुकलं नाही म्हणजे विषय मिटला. मी वन्संशी बोलले तर त्या म्हणाल्या, राहू दे गो, तो एवढा हौसेने करतोय. पण दुसऱ्याच दिवशी त्यांचा निरोप आला की यंदा मूर्तींचं काम लवकर सुरू करायचं म्हणतेय, माझं जमेलसं वाटत नाही.

ह्यांना ते खरंच वाटलं. तिकिटं काढायची वेळ आलेली, व्हिसाची तारीख जवळ आली आणि ताई कच खाते म्हणजे काय. त्यांनी बहिणीला बेत नीट समजावून सांगायला बोलावून घेतलं. वन्सं सकाळच्या एसटीने आल्या. पिशवीत आमच्यासाठी पोह्याचे पापड होते आणि दुसऱ्या पिशवीत एक लहानसा गुलाबी फ्रॉक, जो त्यांनी मला हळूच दाखवला आणि परत घडी करून ठेवला. येणार नाही म्हणणारी बाई फ्रॉक घेऊन आली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि चहात साखर घालायची विसरले.

बाहेर ह्यांनी पट्टी घेऊन युरोप समजावायला सुरुवात केली होती. इथे उतरायचं, इथे पोहे खायचे, इथे मुक्काम, इथे फक्त पार्सल द्यायचं. वन्सं फरशीवर बसून ऐकत होत्या. शेवटच्या वालाशी पट्टी आली तसे हे म्हणाले, हे तुझं घर, हमरापूरसारखंच शेवटी ठेवलंय, म्हणजे मनासारखं होईल.

वन्संनी पट्टी हाताने बाजूला केली. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकलेला नाही.

"दरवर्षी माझ्याकडे शेवटी येता नि अर्धा कप पिऊन उठता. मी कधी काय बोलले? घरात गणपती असतो, तुम्ही त्याला भेटायला येता, मला चालतं. पण तिकडं गणपती नाय बसलेला, माझी नात हाय. तीन वर्षांचं पोर अर्ध्या तासात मांडीवर येत नाय रे. तिला माझा वास कळायला दोन दिवस लागतील. अर्ध्या तासात ती बूट दाखवंल नि पळंल. तेवढं मला फोनवर पण दिसतं."

 मला वाटलं आता हे वाद घालतील. पण आयुष्यभर ट्रक वेळेवर पोचवलेल्या माणसाला बहुतेक पहिल्यांदाच कोणी सांगत होतं की पोचणं म्हणजे सगळं नव्हे. त्यांनी विचारलं, मग मी बाकीच्यांना काय तोंड दाखवू, सगळ्यांना कबूल केलंय. मी चहाचे कप खाली ठेवले आणि सांगितलं की बाकीच्यांकडे आपण दोघं जाऊ, पाहिजे तेवढे अर्धे कप पिऊ, पण गाडी सगळ्यात आधी कोलोनला जाईल, वन्संना तिथे सोडेल आणि परत निघताना त्यांना घेईल. ह्यांना शंका होती की ताई तिथे एकटी काय करेल, सून दिवसभर कामावर, बोलायची पंचाईत. वन्सं म्हणाल्या, तिला मराठी येत नाय नि मला तिची भाषा, पण पोर दोघींची हाय, जमंल.

मग ह्यांनी भाच्याला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे आम्हालाही ऐकू येत होतं. हे घसा खाकरून म्हणाले की बेत थोडा बदललाय, ताई तुझ्याकडे सगळे दिवस राहिली तर चालेल का.  

"मामा, मी तर आधीपासून रजा टाकून ठेवली होती," भाचा म्हणाला. "तुम्ही अर्धा तास म्हणालात तेव्हा वाटलं, आईलाच सवड नाही. कारखाना सोडून ती थांबायची नाही, म्हणून मी बोललो नाही."

वन्संनी पदराने डोळे पुसले आणि लगेच बिनसाखरेच्या चहावरून मला फैलावर घेतलं. मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांचा चहा नव्याने केला. हे तेवढ्यात खाली बसून वाल उचलत होते आणि पुन्हा मांडत होते. कोलोनचा वाल पहिला, बाकीचे त्याच्याभोवती. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाले, अशाने उलट वीस-पंचवीस किलोमीटर वाचतात. हार मानण्याची त्यांची पद्धत ही अशी.

होळी झाली आणि आम्ही गेलो. वन्संना कोलोनजवळ सोडलं तेव्हा नात आईच्या पायांना मिठी मारून उभी होती आणि फ्रॉककडे बघायलाही तयार नव्हती. आम्हा दोघांना पुढची घरं होती, आम्ही निघालो. त्या धावपळीचं काय सांगू. आइंडहोवनला उपमा, अँटवर्पला पुन्हा उपमा, ब्रसेल्सचा चौक मी गाडीच्या काचेतून बघितला. पॅरिसला मावसबहिणीच्या लेकीने पुरणपोळी केली होती, ती खाऊन उठेपर्यंत मनोऱ्याचे दिवे तेवढे लांबून दिसले. ह्यांनी गाडी मात्र झकास चालवली. फक्त तिकडे खटके उलट्या बाजूला, त्यामुळे वळायची खूण द्यायला जात आणि काच पुसायचे वायपर हलू लागत. लक्झेंबर्गला मित्राचा मुलगा आग्रहाने राहा म्हणत होता, आणि ह्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, निघतो, अजून कोलोन व्हायचंय. एकही घर चुकलं नाही. मजाही पुष्कळ आली, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही भाच्याच्या दारात पोचलो. त्याने दार उघडलं, आत सूनबाई ओट्याशी उभी होती आणि शेगडीवरून वन्संच्या हातच्या वालाच्या बिरड्याचा वास येत होता. वन्सं सतरंजीवर बसल्या होत्या. समोर कणकेचे गोळे, त्यांना नातीने केलेली सोंडेसारखी काहीतरी शेपटं, आणि शेजारी बसलेल्या तिच्या अंगात तोच गुलाबी फ्रॉक. आमचे मोठे आवाज ऐकले तशी ती पोर दचकली, कणीक टाकून धावली, वन्संच्या मांडीत चढली आणि तिने तोंड पदरात लपवलं.

हे हात पुढे करून म्हणाले, ये, मामाआजोबांकडे ये. ती आणखीच घट्ट चिकटली. ह्यांनी खिशातून चॉकलेट काढलं, तोंडाने ट्रकचा आवाज काढला, काही उपयोग झाला नाही. वन्संनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"बस जरा, घाई करू नको," त्या भावाला म्हणाल्या. "एवढ्यात नाय यायची ती. तिची तुझी वळख कुठं हाय अजून?"

हे निमूटपणे सतरंजीच्या कडेला बसले. पदर थोडा बाजूला झाला आणि मांडीवरून एक डोळा आमच्याकडे बघू लागला, पाहुणी माणसं आता कधी उठणार म्हणून घरचं माणूस बघतं तसा.