दाजींचा उजवा गुडघा

ज्या गोष्टीला माझे दाजी भीत नाहीत अशी गोष्ट देवानं अजून घडवलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पस्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली आणि आता तारनाक्याला तळमजल्यावरच्या घरात राहतात. नोकरीत त्यांची भीती कामाला आली. एकदा तपासलेली तार ते आणखी दोनदा तपासत, आणि त्यांच्या हद्दीत कधी काही आक्रीत घडलं नाही. निवृत्तीनंतर मात्र ही सगळी भीती घरात मुक्कामाला आली. कुकर चढला की तिसरी शिट्टी होईपर्यंत दाजी व्हरांड्यात उभे. काचीगुड्याला एका लग्नात हॉलमध्ये पाऊल टाकताच त्यांनी नवरानवरी कुठे आहेत हे न विचारता मागचं दार कुठं उघडतं ते विचारलं, आणि ताट घेऊन त्या दाराशीच जेवले. अक्का सांगते, "आमच्या लग्नात बसायच्या आधी ह्यांनी पाट हलवून बघितला होता."

अशा माणसाचा उजवा गुडघा पार झिजला. दोन वर्षं त्यांनी शस्त्रक्रिया टाळली. पुढं न्हाणीघरातून पलंगापर्यंत यायला भिंत धरून पाव तास लागायला लागला, तेव्हा कुठं हो म्हणाले. दवाखान्यात जायच्या दिवशी त्यांनी डाव्या मांडीवर बॉलपेननं ठळक अक्षरात लिहिलं, 'हा पाय नव्हे'. मग डॉक्टर तेलुगू आहेत हे आठवलं, म्हणून शेजाऱ्यांकडून खाली तेलुगूत लिहून घेतलं. भूल देणाऱ्या बाई उर्दू बोलतात असं वॉर्डात कळल्यावर तीही ओळ चढली. डॉक्टरांनी मांडीवरचा तो मजकूर गंभीरपणे वाचला, 'थँक यू' म्हणाले आणि उजवाच गुडघा बदलला.

घरी आल्यावर भीतीला नवा गुडघाच सापडला. शिंक आली की दाजी नाकाऐवजी गुडघा दाबून धरत. न जाणो, निसटला तर! वीज चमकली की पायावर रजई, कारण आत धातू. रोज सकाळी मला दिलसुखनगरच्या माझ्या घरी फोन. "टाके ओढतायत रे. आतून टक् असा आवाज आला. ताप नव्व्याण्णव आहे, म्हणजे सुरुवात झाली समज." मी हूं हूं करत दाढी उरकायचो. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की गुडघा वाकवला नाही तर तो तसाच आखडेल, आणि मग पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. पण अकराच्या ठोक्याला व्यायाम करून घेणाऱ्या बाई दारात आल्या की दाजी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेत. बाई खमक्या होत्या. "अंकल, डरो नक्को. दस बार मोडो, बस," म्हणत त्या टाच धरत. दाजी चौथ्या वेळेलाच ओरडत, "दस हो गए!"

घरी येऊन बारावा दिवस असेल. सकाळी अक्काचा फोन आला. "अरे, आज हे काहीच बोलत नाहीत."

"मग बरंच आहे की," मी म्हणालो.

"बरं नाही. चहा प्यायले, गरम म्हणाले नाहीत, गार म्हणाले नाहीत. बाईंना आज येऊ नका म्हणून सांगितलं. तू ये."

तिचा आवाज ऐकून मी तसाच निघालो. दाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पांघरूण बाजूला केलं, पायजमा वर सारला. पोटरी ताणून टम्म सुजलेली, लालसर, आणि हात लावला तर चटका बसावा अशी गरम.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"अहो, मग बोलला का नाहीत? शिंक आली तरी फोन करता!"

दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. "रोज बोलतो ती भीती वेगळी रे," ते हळू म्हणाले. "ती बोलली की जाते. ही बोललो असतो तर खरी झाली असती."

मी दवाखान्यात फोन लावला. पाय हलवू नका, ताबडतोब आणा, असं उत्तर आलं. रुग्णवाहिकेत दाजींनी माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली ती सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत सोडली नाही. पोटरीत रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर ती फुप्फुसात जाऊ शकली असती. अक्कानं विचारलं तेव्हा मी 'थोडी सूज आहे' एवढंच सांगितलं. तिनं माझा चेहरा वाचला आणि बाकावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. रोज सकाळी फोन ठेवताना 'कटकट' म्हणणारा मी तिथं उभा होतो, आणि मला माझीच लाज वाटत होती.

रक्त पातळ करायची औषधं लागू पडली. आठवड्यानं दाजी घरी आले. नंतर ते सोंग न घेता टाच बाईंच्या हातात द्यायचे. ओरडायचे, पण दहा म्हणजे दहा मोजायचे.

परवा प्रथमच आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं माझं मनगट घट्ट धरलेलं. मध्येच थांबून ते म्हणाले, "तुला कधी बोललो नाही. आमचे बापू शेवटची सहा वर्षं अंगणातून बसूनच सरकायचे. दोन्ही गुडघे गेलेले. मी शाळेतून आलो की ते तसेच सरकत दारापर्यंत यायचे, हसत. ते बघितल्यापासून मला सगळ्याचीच भीती वाटते बघ."

समोरून भाजीची गाडी आली, तिला वाट द्यायला आम्ही कडेला झालो. गाडी गेल्यावर दाजींनी माझं मनगट सोडलं आणि काठी टेकत एकटेच पुढं निघाले. मी दोन्ही हात पुढं धरून त्यांच्या मागं चालत होतो, जीव मुठीत घेऊन.