कोऱ्या कागदाचे काका

आमच्या नोएडाच्या ऑफिसात काकांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी एक घडी घातलेला कोरा कागद असे. सकाळी चपला दाराशी काढून ते कॉम्प्युटरच्या खोलीत शिरत आणि प्रत्येक स्क्रीनशेजारी तो कागद धरत. "स्क्रीन कागदापेक्षा उजळ दिसता कामा नये. ट्यूबलाइटकडे बघत कोणी पुस्तक वाचतं का?" असं म्हणत उजेडाचं बटण फिरवत. आम्ही उजेड मुद्दाम पूर्ण ठेवलेला असायचा! एवढा महागाचा कॉम्प्युटर, चमकायला नको? सगळे त्यांना 'कागज़वाले अंकल' म्हणत. मशीन दुरुस्त करणं हे त्यांचं काम. आमचे डोळे सांभाळायला त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

मी नवऱ्याच्या बदलीमुळे मिरजेहून दिल्लीला आलेली, पुस्तकांची पानं स्क्रीनवर तपासायची. दुपार झाली की डोळ्यांतून पाणी, कपाळात कळा. चुका राहू लागल्या. साहेबांनी सांगून टाकलं, या महिन्यात सुधारलं नाही तर नमस्कार. मी काकांपुढे रडलेच. "काका, माझे डोळे गेले हो!"

"काही गेले नाहीत. चलो, आधी खिडकी बघू."

खिडकी कसली, माझ्या पाठीशी अख्खी काचेची भिंत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला कॉम्प्युटरची रांग दिसावी म्हणून साहेब पडदे लावू देत नव्हते. काकांनी शनिवारी सगळी टेबलं आडवी फिरवली. सोमवारी साहेब भडकले. काकांनी आवाज चढवला नाही. माझं टेबल पहिल्यासारखं केलं, ऐन उन्हाच्या वेळी साहेबांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "सर, बस एक पन्ना पढ़ लीजिए." साहेबांना अक्षरांच्या जागी स्वतःचंच तोंड दिसायला लागलं. अर्ध्या पानात उठले. टेबलं आडवीच राहिली आणि माझी नोकरीही. काय बाई हिंमत त्या माणसाची!

त्या वेळच्या पेटीसारख्या जाड स्क्रीनसाठी त्यांची आणखी एक परीक्षा होती. "स्क्रीनकडे सरळ बघू नकोस, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघ. थरथरताना दिसला तर तो छळणार हे नक्की."

पुढे चपटे, न थरथरणारे स्क्रीन निघाले. आमच्याकडे एकच आला, तोही काकांसाठी, सगळ्यांत जुने म्हणून. त्यांनी तो आणून माझ्या टेबलावर ठेवला. "माझा जुना बिल्कुल थरथरत नाही गं. मस्त आहे. हा तुला घे." मी घेतला. खरंखोटं बघायलासुद्धा गेले नाही.

त्यानंतर काका अधूनमधून डोळ्यांत गुलाबपाणी घालताना दिसत. विचारलं की म्हणत, "दिल्लीची धूळ, दुसरं काय!"

दीड वर्षानं ते निवृत्त झाले. हार झाला, समोसे झाले, फोटो झाले. ते गाझियाबादच्या बसमध्ये चढल्यावर मी त्यांचं टेबल आवरायला गेले. मशीन चालूच राहिलं होतं. त्यांनीच लावलेल्या सवयीनं मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि खुर्चीत बसलेच. स्क्रीन चांगलाच थरथरत होता. दीड वर्ष हा माणूस त्याच्यासमोर बसला, आणि रोज सकाळी माझ्या स्क्रीनशेजारी कागद धरून मलाच विचारत राहिला, "काय गं, आज कसे आहेत डोळे?"