काळी पाच

सासऱ्यांच्या गायनसंचात मी अकरा वर्षं झांज वाजवली. गायला कधी दिलं नाही, असं म्हटलं तर ते चिडतील, कारण कोरसला मी होतेच. कोरस म्हणजे प्रत्येक ओळीचा शेवट. त्यांची लेक पूर्ण ओळ गाणार आणि आम्ही शेवटचे दोन शब्द उचलून धरणार.

माझं माहेर बार्शीचं. वडिलांनी मला पाच वर्षं गाणं शिकायला पाठवलं, आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नाताळचं पहिलं गीत दरवर्षी माझंच असायचं. ढोकीजवळच्या या घरात लग्न जमलं तेव्हा आई किती खूश होती! सगळं घर गाणारं. सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. ते पेटीवर, माझा नवरा तबल्यावर, सासूबाई आणि दीर कोरसला. पुढं बसून गाणार मोठ्या नणंदबाई, आमच्या ताई. प्रवचन-प्रार्थनेच्या मोठ्या संजीवन सभा, कापणीचा सण, लग्न, अगदी कुणाचा शोक असला तरी आमच्या संचाला बोलावणं यायचं.

लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मामांनी मला गायला सांगितलं. मी जीव ओतून गायले. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आवाज चांगला हाय. पण आपल्या घरचा न्हाय." मग माझ्या हातात झांज दिली.

मला वाटलं, नवीन आहे, होईल हळूहळू. तसं काही झालं नाही.

दरम्यान ताईंचं लग्न होऊन त्या लातूरला गेल्या होत्या. तरी प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी मामा त्यांच्या सासूबाईंना फोन करायचे आणि ताई पिशवी घेऊन एसटीनं यायच्या. कधी सासरचे रुसलेले असायचे, कधी लेकराला ताप असायचा. मी इथंच, त्याच घरात, रोज पेटीशेजारून केर काढत असायचे. नवऱ्याला म्हटलं की तो म्हणायचा, "पप्पांचा स्वभाव तुला माहीत न्हाय का?" अकरा वर्षं त्याचं एवढंच उत्तर.

मामा वाईट होते असं नाही, आणि तीच तर पंचाईत. मला निमोनिया झाला तेव्हा दवाखान्यात चार दिवस खुर्चीवर बसून राहिले. प्रवासात खिडकीची जागा मला, कारण मला गाडी लागते. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? राग यायचा आणि त्याला जागाच सापडायची नाही.

संचाचं मुख्य गाणं मामांनी स्वतः लिहिलेलं होतं. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली शोमरोनी बाई, तिच्याकडं प्रभू पाणी मागतो, ती बायबलमधली गोष्ट. सगळं गाणं त्या बाईच्या तोंडी. ते त्यांनी ताईंसाठी लिहिलं होतं आणि ताईंच्याच पट्टीत, काळी पाचमध्ये, बसवलं होतं. माझी पट्टी पांढरी पाच, तीन सूर खाली. पण गाणं मला पाठ होतं, श्वास कुठं घ्यायचा इथपर्यंत.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या संजीवन सभेला सकाळी अकराला आमचं गायन होतं. ताईंची एसटी येरमाळ्याच्या अलीकडं बंद पडली. मांडव भरलेला, आम्ही बसलेलो. मामा नुसतीच पेटी वाजवत राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. बाया पदरानं वारा घ्यायला लागल्या. आमच्या मंडळीचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, वाकून म्हणाले, "काका, सुरू करा की आता."

"पोरगी येतीय," मामा म्हणाले.

"मग तोवर सूनबाईंना गाऊ द्या."

मामांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी झांज खाली ठेवली आणि शोमरोनी बाईचं गाणं सुरू केलं.

त्यांनी पट्टी उतरवली नाही. मी त्यांच्याकडं बघितलं, हातानं खूणही केली. बोटं काळी पाचवरच. तीन सुरांचाच तर प्रश्न होता! मी तशीच चढत गेले. पहिलं कडवं निभावलं, दुसरंही. तिसऱ्यात जिथं ती घागर टाकून गावाकडं पळते, तिथं माझा आवाज फाटला. तरी मी थांबले नाही, शेवटपर्यंत नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई शब्द लिहून मागायला आली.

परतीच्या जीपमध्ये बसलो. गाव मागं पडल्यावर मामा म्हणाले, "वरचा सूर फाटला."

"तुम्ही पट्टी उतरवली असती तर फाटला नसता," मी म्हणाले.

त्यांना मी पहिल्यांदाच उलट बोलले. सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे गप्प बस. नवरा बाहेर बघत होता.

येरमाळ्याच्या स्टँडवर ताई उभ्या होत्या. जीपमध्ये चढता चढता त्यांनी मला हळूच विचारलं, "गायलीस?"

"गायले."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, टोमणा आहे. घरी आल्यावर मी भांडी घासत होते, त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, घशाचं औषध चालू हाय. डॉक्टर म्हणतात, जोरात गाऊ नका."

मी हातातलं पातेलं ठेवलं. "मग मामांना सांगितलं का न्हाय?"

"कसं सांगू? आणि खरं सांगू का, मला हे गायचंच लहानपणापासून आवडत न्हाय. सहा वर्षांची होते तवापासून त्यांच्यापुढं बसतीय. कुणी विचारलं का मला?"

मला त्यांची दया यायला हवी होती. आली ती नंतर. तेव्हा फक्त संताप आला. एक मनात नको नको म्हणत गात होती, दुसरी गायला मिळत नाही म्हणून झुरत होती, आणि दोघी एकाच सतरंजीवर हातभर अंतरावर बसत होतो. "तुम्ही सांगा," मी म्हणाले. "न्हायतर मी सांगते."

"तू नको. मीच बघते."

कापणीच्या सणाला मामांनी लातूरला फोन लावला. या वेळी ताईंनी स्वतःच सांगितलं, "पप्पा, मी येत न्हाय. आता कधीच गाणार न्हाय. घसा गेलाय माझा." मामांनी फोन ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला वाटलं, आता ते वळतील आणि माझ्याकडं बघतील.

ते पाळकसाहेबांना फोन करून म्हणाले, "आमचा संच बंद झाला."

नवरा पहिल्यांदा बोलला, "पप्पा, ही हाय की."

"संच तिचा होता," मामा म्हणाले आणि पेटीवर कापड टाकलं. तिचा म्हणजे ताईंचा.

याला आता दोन वर्षं होतील. रविवारी मंडळीत मी गाते, पांढरी पाचमध्ये. साथीला कीबोर्ड असतो. मामा तिसऱ्या बाकावर बसतात, पुस्तक उघडून धरतात, ओठ हलवत नाहीत. लोक म्हणतात, वय झालं. वय झालेलं नाही. घरी अंघोळ करताना चांगले मोठ्यानं गातात.

मंडळीतल्या बायकांना मामांची गाणी शिकायची आहेत, म्हणून मी त्यांची वही मागितली. म्हणाले, "ताईला विचार." ताईंना फोन केला तर म्हणाल्या, "घेऊन जा की, मला काय करायचीय?" हे सांगितलं तर म्हणाले, "तिनं मला सांगावं." ताई म्हणतात, मी सांगणार न्हाय, परत तो विषयच नको. गेल्या रविवारी जेवताना मी मामांना पुन्हा विचारलं. भाकरी मोडत त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बघू." मग मला अजून आमटी वाढायला सांगितली. मी वाढली.