बेरीज जुळली होती

आकड्यांच्या बाबतीत मला भारी घमेंड होती. सौदी अरेबियात कतीफजवळच्या एका कंपनीत मी हजेरी कारकून होतो. कफीलाचा, म्हणजे आमच्या व्हिसाचा जामीन असलेल्या अरब मालकाचा, सुदानी माणूस दम्मामहून फोनवर व्हिसाचे लांबलचक क्रमांक सांगायचा, मी उतरवून घ्यायचो. चूक राहू नये म्हणून त्याला मीच एक शिस्त लावली होती: शेवटी सगळ्या अंकांची बेरीज सांगायची. माझी बेरीज जुळली की खलास. बायको चिडवायची, "तुमच्या त्या बेरजेनं भात शिजतो काय?"

तिला दमा होता. युद्धाची चिन्हं दिसू लागली तसं तिला रत्नागिरीला पाठवायचं ठरलं आणि तिचा देश सोडायचा व्हिसा झाल्याचा फोन आला. सुदानी अरबीत दोन-दोन अंक जोडून सांगायचा. त्रेपन्न म्हणजे ‘तीन आणि पन्नास’. तीन ऐकून थांबायचं, पन्नास आलं की आधी पाच लिहायचा, हे माझ्या हाताला बसलेलं होतं. पण त्या दिवशी मध्येच भोंग्याची चाचणी सुरू झाली. मी दचकलो आणि ऐकलं तसंच लिहिलं. ४१७२५३८६ चं ४१७२३५८६ झालं. त्याची बेरीज छत्तीस, माझीही छत्तीस. मी निर्धास्तपणे तो क्रमांक तिकिटाच्या फॉर्मवर चढवला; पासपोर्ट हाती आल्यावर शिक्क्याशी ताडूनही पाहिला नाही.

विमानतळावरच्या माणसानं पासपोर्टवरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं, मग माझ्या फॉर्मवर, आणि मान हलवली. उद्या या म्हणाला.

परतताना टॅक्सीत वजाबाकी केली. फरक अठराशे, नऊनं पूर्ण भाग जाणारा. जाणारच. कुठल्याही संख्येतले दोन अंक आपसांत बदला, फरक नऊच्याच पटीत येतो आणि बेरीज जागची हलत नाही. शाळेतल्या पोरांनाही कळेल असं हे, आणि मी शहाणा! माझ्या चाळणीला नेमकं याच चुकीएवढं भोक होतं.

"कोणी घोळ घातला?" तिनं विचारलं.

"त्या सुदान्यानं," मी म्हणालो.

"मेला! पण जाऊ दे. तुम्हाला एकटं टाकून जायचं माझ्या जिवावरच आलं होतं."

दुसऱ्या दिवशी युद्ध पेटलं, विमानं बंद झाली. विषारी वायूच्या भीतीनं खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, दाराखाली ओला टॉवेल कोंबला. मास्क तिला सोसवेना, ती ओढून काढायची. एका संध्याकाळी भोंगा झाला आणि तिला धाप लागली. दम्याचा पंप संपला. धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत बाहेर पडायला बंदी होती. मी दार उघडायला उठलो तर तिनंच माझा हात धरून ठेवला. तो भोंगा झाला तेव्हा ती गेलेली होती.

चूक सुदान्याची, हे मी तोवर सगळ्यांना सांगून बसलो होतो. ते त्याच्या कानावर गेलं असणार. तो भेटायला आला, माझे दोन्ही हात धरले आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "भाई, गलती हमारा. माफ करो."

तो ढसाढसा रडत होता. मी त्याला माफ केलं.